बागेचे फोटो मोनेच्या पेंटिंगसारखे हवेत? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शार्प फोटो काढायचा आणि घरी येऊन ॲपमधला ऑइल पेंटचा फिल्टर मारायचा. त्याने नुसती पानं चिकट दिसतात, बाकी काही होत नाही. इम्प्रेशनिस्टांचा, म्हणजे मोनेसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांचा, सगळा जीव उजेडात होता. मोनेने १८९०-९१ मध्ये त्याच त्या गव्हाच्या गंजी कितीतरी वेळा रंगवल्या, कारण गंजी तीच पण ऊन दर वेळी वेगळं.

आणि आपल्या सोलापूरचं ऊन तर माहितीये की, हुतात्मा बागेत उन्हाळ्यात अकराला गेलात तर सावल्या काळ्याकुट्ट आणि पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्या पार जळालेल्या, म्हणजे नुसत्या पांढऱ्या डागासारख्या येणार. सूर्य उगवल्यावर पहिल्या तासातच जा.

दुसरी चूक शटरची. कॅमेरा मुद्दाम हलवून रंग पसरवायचे तर शटर (ते किती वेळ उघडं राहतं ते) १/८ सेकंदाच्या आसपास लागतं, पण कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ १६ इतकं बारीक असलं की १/१०० पुरतं, म्हणजे १/८ ला फोटो पांढराफटक पडणारच. एनडी १६ फिल्टर लावा, म्हणजे उजेड सोळा पट कमी करणारी काळपट काच. मोबाईलवाल्यांना बहुतेक अपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी करा आणि पहाटेचा उजेड किंवा दाट सावली गाठा.

हलवायचं म्हणजे कसंही गदागदा नाही ओ! कर्दळीचा दांडा सरळ वर जातो आणि टोकाला लाल तुरा असतो, तिथे कॅमेरा वरून खाली सावकाश सरकवा, लाल रंग हिरव्यात ओघळत येतो, फार सुंदर दिसतं. बोगनवेल चहूकडे पसरलेली असते, तिला मल्टिपल एक्स्पोजर (एकाच फोटोत अनेक क्लिक एकावर एक) बरं, प्रत्येक वेळी कॅमेरा बोटभर सरकवायचा आणि मोड ॲव्हरेज ठेवायचा, नाहीतर फोटो उजळत जातो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्यातली सेटिंग, ऑटोवर असेल तर सकाळचा पिवळेपणा कॅमेराच पुसून टाकतो. डेलाइट ठेवा, मग सावलीतला निळा रंगही राहतो, आणि या चित्रकारांनी सावल्या निळ्या-जांभळ्याच रंगवल्यात.

सिद्धेश्वर तलावाकाठी पोलरायझर (चमक आणि प्रतिबिंब कमी करणारा, फिरवायचा फिल्टर) लावून प्रतिबिंब घालवू नका, तेच तर पाहिजे. रिंग फिरवून बघा, नाहीतर काढूनच ठेवा.

एवढं करूनही फोटोत सगळे रंग मिसळून नुसता चिखल दिसतोय? क्लिक करायच्या आधी डोळे किलकिले करून समोर बघा. रंगांचे दोन-तीन मोठे पट्टे वेगळे दिसले नाहीत तर जागा बदला, तिथे कॅमेरा कितीही हलवला तरी फोटो होत नाही.