गाडीचे दिवे एकट्याने कसे तपासावेत

हेडलाइट गेला तर चालवणाऱ्याला लगेच कळतं. ब्रेक लाइट गेल्याचं मात्र फक्त मागच्या गाडीला कळतं. म्हणून तपासणीतला निम्म्याहून जास्त वेळ मागच्या दिव्यांना द्या. खालची माहिती साध्या हॅलोजन बल्बच्या, १२ व्होल्टच्या कारसाठी आहे.

वेळ तिन्हीसांजेची निवडा. भर उन्हात अशक्त बल्बही ठीक वाटतो आणि धूळ बसलेली काच लक्षात येत नाही. आधी ओल्या फडक्याने दिव्यांच्या सगळ्या काचा पुसून घ्या.

गाडीचं तोंड भिंतीकडे करून दोन-तीन मीटरवर, सपाट जागी उभी करा. डिपरवर (म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, लो बीम लावून) भिंतीवर उजेडाचे दोन पट्टे दिसतील. दोन्हींची वरची कड एकाच उंचीवर हवी; आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे ती डाव्या अंगाला थोडी वर चढते. एकच पट्टा वर गेला असेल तर बहुधा बल्ब वाकडा बसलाय. हेडलाइटच्या एच-४ प्रकारच्या बल्बच्या कडीला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर यायला हवा. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. त्या जागी १००/९० घालण्याचा मोह होतो, पण वेगळी रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि जाड वायर नसेल तर होल्डर वितळतो. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

इंडिकेटरसाठी लाल त्रिकोणाचं बटण दाबा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. मग डावा-उजवा वेगवेगळा लावून बघा. एका बाजूची टिकटिक घाईघाईने होत असेल तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलाय.

आता गाडीची पाठ भिंतीकडे, मीटरभर अंतरावर. ब्रेक दाबून आरशात बघा, भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड वाढला पाहिजे. भिंत नसेल तर सीट पुढे सरकवून सीट आणि पेडलच्या मध्ये छत्री अडकवा, म्हणजे खाली उतरून तिन्ही ब्रेक लाइट (दोन बाजूंचे आणि वरचा मधला) नीट पाहता येतात. इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला ठेवून रिव्हर्स गियर टाका आणि पांढरा दिवा बघा. नंबर प्लेटचा दिवा बहुतेक जण विसरतात.

एकच ब्रेक लाइट बंद असेल तर बल्ब. तिन्ही बंद असतील तर फ्यूज किंवा पेडलच्या वरचा स्विच. आणि तिन्ही सतत पेटलेले असतील तर पेडलवरचं छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण तुटून पडलेलं असतं. एवढ्याशा वस्तूपायी सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा घाला: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. तिथे तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावणं.

बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूला २१/५ वॉटचा, आत पेटणाऱ्या दोन तारा असलेला बल्ब असतो, २१ ब्रेकसाठी आणि ५ टेल लाइटसाठी. त्याच्या दोन खिळ्या वरखाली असतात, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक लाइट मिणमिणता, असा उलटा खेळ होतो.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटत असेल, तर बल्ब बदलत बसू नका. ही अर्थिंगची, म्हणजे दिव्यातून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरची बोंब. पावसाळ्यानंतर होल्डरच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. इग्निशन बंद करून तो पॉलिश पेपरने घासा, अर्थिंगच्या वायरचा स्क्रू काढून खालचा गंज खरवडा, घट्ट आवळा आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. तरी फरक पडला नाही तर गाडी वायरमनकडेच न्या.