परदेशी फळझाडाची काडी जिवंत आणायची रीत

फळ आवडलं की कोय खिशात टाकायची, हा मार्ग बहुतेक वेळा फसतो. १८८९ साली अमेरिकी कृषी खात्याने भारतातून आंब्याची कलमं मागवली. फ्लोरिडात लेक वर्थला १८९४-९५च्या कडाक्याच्या थंडीतून मुळगोबा या जातीचं एकच झाड तगलं. पुढे कॅप्टन हेडन यांनी मुळगोब्याच्या कोया लावल्या, तर एका रोपाला भलत्याच रंगरूपाचं फळ लागलं. ते 'हेडन' म्हणून गाजलं, हा योग. मुळगोबाच हवा असता तर कोयीचा काही उपयोग नव्हता. आंबा, अ‍ॅव्होकॅडो, सफरचंद, पेअर यांची जात टिकवायची तर काडीच हवी, म्हणजे दुसऱ्या रोपावर (खुंटावर) कलम बांधायचा फांदीचा तुकडा.

काडी निवडणं. आंब्याची काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंटीमीटर लांब घ्यावी. ती चांगल्या फळणाऱ्या झाडाच्या उन्हातल्या फांदीवरची असावी. तोडण्याआधी ७ ते १० दिवस तिची पानं छाटा, पण देठाचे तुकडे ठेवा. ते पिवळे पडून हात लावताच गळायला लागले आणि शेंड्याचा डोळा (मिटलेला कोंब) फुगला, पण उघडला नाही, की काडी तयार. डोळा उघडलेली काडी वाटेतच पालवते आणि खुंटावर बसेपर्यंत तिची शिदोरी संपते. सफरचंद, पेअरच्या काड्या मात्र हिवाळ्यात, झाड झोपेत असताना कापायच्या.

बांधणी. काड्या सकाळी लवकर कापा आणि कापलेली टोकं वितळलेल्या मेणात बुडवा. मेण फार गरम नको, साल भाजते. स्पॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून मुठीत घट्ट पिळा. थेंब पडत असेल तर अजून पिळा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. काडी सुकेल या भीतीने ओलावा जास्त ठेवला जातो आणि चौथ्या दिवशी पुडीतून काळ्या, बुळबुळीत काड्या निघतात. सुरकुतलेली काडी कधीकधी वाचते, सडलेली कधीच नाही. मॉस नसेल तर ओलसर वर्तमानपत्र चालतं. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई फुटते, पेन्सिल टिकते.

१८९४ साली भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर अमेरिकी वनस्पतिशोधक डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी महाळुंगाच्या काड्या कच्च्या बटाट्यात खोचून पाठवल्या. बटाट्यातला ओलावा काडीला पुरतो, युक्ती खरी आहे. पण बटाट्यासोबत माती आणि रोगही येतात, आज हा प्रयोग नको.

आंब्याची पुडी सावलीत, गारव्यात ठेवा. बर्फाला टेकवू नका. आठवड्याच्या आत कलम बांधायचंच, असा हिशोब धरा. सफरचंदाच्या झोपलेल्या काड्या २ ते ४ अंशांवर कित्येक आठवडे राहतात, मात्र त्याच फ्रिजमध्ये पिकलेली फळं नकोत. त्यातून निघणारा इथिलीन वायू डोळे मारतो.

खजुराचं वेगळं. त्याला काडी नसते, बुंध्याशी आलेली पिलं काढावी लागतात. १९२७ साली अमेरिकी कृषी खात्याचे वॉल्टर स्विंगल यांनी मोरोक्कोतल्या बू-देनिब मरूद्यानातून मेजुल या खजुराच्या जातीची ११ पिलं नेली. तिथे 'बायूद' या बुरशीजन्य मर रोगाने खजुराच्या बागा उठत होत्या, म्हणून अमेरिकेत पोचल्यावर ती इतर खजुरांपासून दूर, नेवाडात काही वर्षं एकटी वाढवली. ११पैकी नऊ जगली. अमेरिकेतला मेजुल त्या नऊ झाडांवर उभा आहे.

रोग डोळ्यांना दिसत नाही. त्याच खात्याचे फ्रँक मेयर यांनी १९०८ साली चीनमधून आणलेलं लिंबू दिसायला निरोगी होतं, पण त्याच्यात ट्रिस्टेझा विषाणू लपलेला होता. तो संत्र्यांना मारक ठरल्याने ती झाडं काढून टाकावी लागली आणि १९७५ साली विषाणूमुक्त निवड बाजारात आली. जपानने वॉशिंग्टनला पाठवलेली चेरीची दोन हजार झाडं तर १९१० साली कीड निघाल्याने जाळावी लागली. म्हणून बॅगेतून गुपचूप काडी आणू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय एका काडीपायी शेजाऱ्याचीही बाग जाते. भारतात २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आल्यावर झाड विलग ठेवून तपासलं जातं. हौशी माणसाने परवानाधारक रोपवाटिकेकडून किंवा संशोधन केंद्राकडून काडी घेणं सोपं. वरची बांधणी दापोलीहून नागपूरला काडी नेतानाही तशीच करायची.

आल्यावर. काडीचं खालचं टोक अर्धा सेंटीमीटर कापा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी असेल तर आणखी वर कापा. तिथेही तपकिरीच, तर टाका. जिवंत काडीला दोन्ही बाजूंनी ३ ते ४ सेंटीमीटर तिरका काप देऊन पाचर करा, खुंटाच्या चिरेत बसवा. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीशी जुळली पाहिजे. मधोमध बसवलेली काडी दिसते छान, पण जुळत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर अरुंद पिशवीची टोपी घाला आणि रोप सावलीत ठेवा. आंबा दोन-तीन आठवड्यांत फुटतो. पहिल्या आठवड्यात हिरवा कोंब दिसला तरी हुरळून जाऊ नका, तो काडीतल्या साठ्यावर येतो. पानं पसरून गडद होईपर्यंत टोपी काढायची नाही.

एका जातीच्या किमान तीन काड्या तीन वेगळ्या खुंटांवर बांधा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. अमेरिकी कृषी खात्याने १८९८पासून आलेल्या प्रत्येक वाणाला असा क्रमांक दिला, पहिला नंबर लागला तो रशियाहून आलेल्या कोबीचा. आपल्या वहीत क्रमांकापुढे जात, मूळ झाडाची जागा, काडी कापल्याची आणि बांधल्याची तारीख एवढं पुरे. कुंडीतली पाटी हरवतेच, म्हणून तोच क्रमांक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून तारेने सैल अडकवा. आवळून बांधलेली तार बुंधा जाड होताना सालीत रुतते.