विनोदावरची थाप: या चुका टाळा

तमाशात सोंगाड्याचे वाक्य संपताच ढोलकीवर किंवा हलगीवर पडणारी थाप असो, की अमेरिकेतील व्होडव्हिल आणि बर्लेस्क या जुन्या करमणूक-प्रकारांच्या रंगमंचावर रूढ झालेला स्नेअर व टॉम हे ड्रम आणि सिंबल (धातूची थाळी) यांचा छोटा तुकडा असो, दोन्हींचे काम एकच असते: विनोद पूर्ण झाल्याची खूण करणे आणि प्रेक्षकांना हसायला जागा देणे. हौशी लोकनाट्यांत आणि स्नेहसंमेलनातील प्रहसनांत ही थाप वारंवार फसते, आणि तेव्हा दोष वादकाच्या हातापेक्षा त्याच्या कानात अधिक असतो.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे शेवटचा शब्द पूर्ण होण्याआधीच थाप मारणे. सोंगाड्या म्हणतो, "पाटील, बायको माझं समदं ऐकती बघा." पाटील विचारतो, "खरं सांगतोस?" त्यावर उत्तर येते, "तर! दाराला कान लावून." येथे थाप 'लावून'मधील 'न' स्पष्ट ऐकू आल्यावरच पडली पाहिजे, ती 'कान'वर पडली तर मागच्या रांगांना विनोदच कळत नाही. पुष्कळदा यात लेखकाचाही वाटा असतो. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येत असल्यामुळे "दाराला कान लावून ऐकती ना, पाटील" असे वाक्य लिहिले गेले, तर हशा पिकवणारे शब्द आधीच येऊन जातात आणि वादकाला 'ऐकती ना, पाटील' हे शेपूट तरी गिळावे लागते किंवा ते संपेपर्यंत थांबून उशीर तरी करावा लागतो. अशा ठिकाणी वादकाला बोल न लावता वाक्याचे शेपूट छाटावे. तालमीत वादकाच्या हाती संहिता द्यावी आणि थापेपूर्वीचा शेवटचा शब्द त्याने स्वतः अधोरेखित करावा.

थापेला उशीर झाला आणि हशा सुरू झाला, तर ती सोडून द्यावी. हशावर पडलेली थाप प्रेक्षकांना पुढचे काहीतरी सुरू झाल्याचा भास करून देते आणि हसू मध्येच तुटते.

प्रत्येक विनोदावर थाप मारण्याचा मोहही आवरावा लागतो. बतावणीत, म्हणजे तमाशातील विनोदी संवादांच्या भागात, सवाल-जवाब भराभर येतात. तेथे लहान कोट्या तशाच जाऊ देऊन मालिकेतल्या सर्वांत मोठ्या टोल्यावरच थाप द्यावी. पडलेल्या विनोदावर जोरात थाप मारणे म्हणजे त्याचे पडणे जाहीर करणे होय. त्याला अपवाद एकच: सोंगाड्याने स्वतः मागे वळून ढोलकीवाल्याकडे थाप मागितली, तर पडलेला विनोदही उठतो. तमाशात वादक रंगमंचावरच उभे असल्यामुळे ही सोय तेथे आयती मिळते. मात्र ती एका खेळात एकदाच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नादाची निवडही तितकीच महत्त्वाची असते. ढोलकीच्या शाईच्या (काळ्या लेपाच्या) बाजूचा कडक, तुटक बोल झटपट उत्तरावर शोभतो, तर डाव्या बाजूचा घुमारा एखाद्याची फजिती झाल्यावर चांगला वाटतो. पण तो लांबला तर पुढच्या वाक्याची सुरुवात त्यात बुडते, म्हणून तळवा टेकवून तो वेळीच दाबावा. सिंबल वाजवल्यावर तो बोटांनी लगेच धरावा.

हे सर्व जुळूनही थाप बोथट वाटत असेल, तर वाद्य तपासावे. पावसाळी हवेत कातडे सैल पडून स्वर उतरतो आणि वातानुकूलित नाट्यगृहाच्या कोरड्या हवेत तो चढतो, त्यामुळे ढोलकी घरून लावून आणण्याऐवजी सभागृहात काही वेळ ठेवून मगच लावावी. कातड्याची हलगी प्रवेशाआधी शेकून घ्यावी.

ऑक्टोपॅडवर, म्हणजे अनेक पॅड असलेल्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर, एका टोल्याला दोन आवाज येत असतील किंवा शेजारचा पॅड आपोआप वाजत असेल, तर संवेदनशीलता कमी करून पाहावी. वादकाला नटाची केवळ पाठ दिसत असेल, तर त्याची जागा विंगेकडे सरकवावी, म्हणजे नटाचा चेहरा आणि शेवटच्या शब्दाआधी त्याने घेतलेला श्वास त्याला दिसू शकेल. तेही शक्य नसेल, तर वादकापुढे संवादांचा मॉनिटर स्पीकर ठेवावा आणि त्यात ढोलकीचा आवाज मुळीच सोडू नये.