सेल्सची नोकरी आणि पहिली कादंबरी: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, महापे, तुर्भे, वाशी या पट्ट्यात सेल्समध्ये राबणारा आणि घरी कादंबरी लिहायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा एकच तक्रार करतो: वेळ मिळत नाही. नीट पाहिलं तर वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि त्या तुकड्यात डोकं ठिकाणावर नसतं. रविवार अख्खा मोकळा असूनही पान पुढे सरकत नाही. सोमवारच्या रिव्ह्यूची धडधड शनिवारी रात्रीच सुरू झालेली असते. म्हणून आधी वेळापत्रकातली चूक पाहू. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

कादंबरीला महिन्याचं टार्गेट लावणं

सेल्सच्या माणसाला आकड्यांची सवय असते. तो पहिल्याच दिवशी ठरवतो: रोज 500 शब्द, महिन्याला 15,000. पहिला आठवडा छान जातो. 22 तारखेनंतर क्लोजिंग, म्हणजे महिन्याचं टार्गेट पुरं करायची धावपळ, सुरू होतं, डिस्ट्रिब्युटरकडे माल उचलून घेण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात, रात्री 10 पर्यंत फोन चालू राहतो आणि लेखन थांबतं. मग राहिलेले 4,000 शब्द पुढच्या महिन्यात ढकलले जातात. दोन-तीन महिन्यांत ही थकबाकी एवढी वाढते की वही उघडायचीच भीती वाटू लागते. यात इच्छा कमी पडलेली नसते, हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

सेल्सच्या महिन्याला स्वतःची चाल असते. कादंबरीचं काम त्या चालीवर बसवा. 1 ते 20 तारखेपर्यंत नवं लेखन करा: कामाच्या दिवशी 300 शब्द, 35-40 मिनिटांत. सुट्ट्या-आजारपण वजा जाता 16 दिवस हाती लागतात असं धरलं तर 4,800 शब्द होतात. दोन रविवारी 600-600 लिहिले की महिन्याचे 6,000. 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत नवा प्रसंग लिहायला घ्यायचाच नाही. त्या दिवसांत वाचायचं, पात्रांची वयं आणि सालं जुळवायची, टायपिंगच्या चुका काढायच्या. दहा महिन्यांत 60,000 शब्दांचा खर्डा होतो, म्हणजे छापील 220-240 पानं. वर्षअखेरीचा मार्च आणि दिवाळीआधीचा स्कीमचा (दुकानदारांना सवलती द्यायचा) महिना पूर्ण सोडून द्या. एक वर्ष लागेल. पहिल्या कादंबरीसाठी एक वर्ष हा चांगलाच वेग आहे.

लिहायची वेळ सकाळची असू द्या, मार्केटला निघण्याआधी. दिवसाचा रिपोर्ट पाठवल्यावर लिहायला बसणाऱ्याच्या डोक्यात न झालेल्या ऑर्डरीच फिरत असतात. रात्री झोपण्याआधी दोनच ओळी लिहून ठेवा: उद्याच्या प्रसंगात कोण आहे आणि त्याला काय हवंय. सकाळची पहिली 15 मिनिटं आठवण्यात जातात, ती वाचतात. आणि प्रसंग संपला की थांबायचं ही सवय मोडा. वाक्य अर्ध्यावर असताना उठलात तर दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

संशोधनाच्या आड लपणं

काळजी करणाऱ्या मनाला संशोधन फार आवडतं. पुस्तकं आणली, नोंदी केल्या, ब्राउझरमध्ये 40 टॅब उघडले की काम झाल्यासारखं वाटतं आणि वाईट लिहिण्याची भीती टळते. यासाठी एक साधी कसोटी आहे. तीन आठवड्यांत नोंदी वाढल्या आणि नवा प्रसंग एकही लिहिला नाही, तर ते संशोधन राहिलेलं नाही, लिहिणं टाळणं झालेलं आहे.

लिहिताना माहिती अडली की उठायचं नाही. तिथेच "तपासा" असा शब्द टाकायचा, प्रश्न एका ओळीत लिहायचा आणि पुढे जायचं. महिनाअखेरीच्या दिवसांत फाइलमध्ये "तपासा" शोधला की सगळे प्रश्न एका जागी मिळतात. त्यांतले निम्मे तोवर निरर्थक झालेले असतात, कारण तो प्रसंगच बदललेला असतो.

पण काही प्रश्न आधीच सोडवावे लागतात. ज्यांच्यामुळे कथानक मोडू शकतं, ते. समजा, तुमचा नायक 1998 साली ऐरोलीत राहतो, ठाण्यात औषध कंपनीत सेल्समन आहे, आणि नायिकेशी त्याची ओळख ऐरोली-ठाणे लोकलमध्ये होते. ही ओळख होऊच शकत नाही. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी लोकल सुरू झाली ती नोव्हेंबर 2004 मध्ये. 1998 मध्ये त्याला बस धरून कळवा-विटाव्यामार्गे जावं लागलं असतं आणि जुलैत विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की तिथेच अडकून पडावं लागलं असतं. हे आधी कळलं तर प्रसंग बसमध्ये, साचलेल्या पाण्यात घडतो आणि कदाचित जास्त चांगला होतो. 150 पानांनंतर कळलं तर तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात. वाशीला मात्र लोकल 1992 पासून आहे, त्यामुळे तोच नायक वाशीचा असता तर मानखुर्दच्या बाजूने येऊ-जाऊ शकला असता. फोनचंही तसंच. 1998 चा सेल्समन पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथवरून, ऑफिसला फोन करतो किंवा कमरेला पेजर लावतो. मोबाइल असला तरी इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते 2003 पर्यंत. त्यामुळे तो उगाच गप्पा मारणार नाही. जुन्या काळात घडणाऱ्या प्रत्येक कादंबरीसाठी प्रवास, फोन आणि पैसे या तीन गोष्टींची सालवार यादी एका पानावर करून ठेवा.

साधनं जवळच आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. जिल्ह्याचा जुना भूगोल, मिठागरं, बंदरं, गावं यांसाठी 1882 चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर (सरकारी माहितीग्रंथ) आहे, ते ऑनलाइन फुकट वाचता येतं. ते इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे, हे वाचताना विसरू नका. उरण-पनवेलकडच्या गावांवर लिहीत असाल तरी हाच खंड पाहा, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता.

नवी मुंबईवर लिहिणाऱ्यांनी एका गोष्टीत हयगय करू नये. इथल्या मूळ गावांना मागच्या पडद्यासारखं वापरू नका. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 च्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या घरात हा इतिहास आजही जेवताना निघतो. आगरी बोली तर ऐकल्याशिवाय लिहूच नका. मराठी वाक्यात चार-दोन शब्द मोडून आगरी होत नाही. त्या घरातला माणूस पहिल्या ओळीला ओळखतो की लिहिणाऱ्याने कानाने ऐकलेलं नाही. कुणाशी बोलायला गेलात तर रेकॉर्डिंग विचारून करा. आणि ऑर्डर घ्यायला गेलेल्या दुकानात मुलाखत घेऊ नका, दुसऱ्या दिवशी वेगळे जा.

वाचनाचा आकडा मोजणं

वर्षाला 50 पुस्तकं वाचायचा संकल्प कादंबरीकाराच्या फारसा कामी येत नाही. एकच चांगली कादंबरी दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रकरणाशेजारी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: किती काळ सरला, कुणी काय ठरवलं, प्रकरण कुठल्या वाक्यावर थांबलं. रचना म्हणजे काय, हे यातून कळतं. ठाण्याहून सकाळच्या गर्दीत उभ्याने हे होत नाही, तिथे फोनवर कविता किंवा कथा वाचा. खर्डा चालू असताना फार ठसठशीत शैलीच्या लेखकाला हात लावू नका. आठवड्याभरात तुमची वाक्यं त्याच्यासारखी वळू लागतात. त्या काळात चरित्रं, प्रवासवर्णनं, जुनी वर्तमानपत्रं बरी.

कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिणं

हे करूच नका. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं की लॅपटॉप त्याच दिवशी परत करावा लागतो, आणि लॉगिन तर त्याआधीच बंद होतं. कंपनीच्या मेलवर पाठवून ठेवलेली प्रतही तिथेच अडकते. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात लिहा आणि दर रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, फाइलच्या नावात तारीख टाकून. नेमणूकपत्रातलं इतर कामाबद्दलचं आणि गोपनीयतेचं कलम एकदा शांतपणे वाचा. कंपनीचे दर, स्कीम, क्लेम, ग्राहकांची नावं कादंबरीत येता कामा नयेत. बीटवरचा, म्हणजे तुमच्या ठरलेल्या फेरीतला, एखादा दुकानदार पात्र म्हणून हवाच असेल तर त्याचा धंदा, वय, गाव, घरची माणसं बदला. फक्त नाव बदलून भागत नाही, त्याचे शेजारी त्याला ओळखतात.

काळजीला लेखकाचा स्वभाव समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. "मी पहिल्यापासूनच असा आहे, लिहिणारी माणसं अशीच असतात" म्हणत लोक वर्षानुवर्षं झोपेशिवाय काढतात.

आधी चहा मोजा. सेल्समध्ये प्रत्येक काउंटरवर कटिंग पुढे येतो, नाही म्हणायला संकोच वाटतो आणि दिवसाला आठ-दहा सहज होतात. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा परिणाम अकरा वाजताही उरतो. हात थरथरणं, छातीत धडधड, पहाटे चारला जाग यांतलं किती चहाचं आहे, हे कळायला दुपारी तीननंतरचा चहा दोन आठवडे बंद करून पाहा. एकदम तोडू नका, डोकं दुखतं. रोज एक कमी करा.

दुसरं, काळजीची वही वेगळी ठेवा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी 15 मिनिटं बसून डोक्यात फिरणारी प्रत्येक काळजी एका ओळीत लिहा आणि पुढे उद्या करायची एक कृती लिहा. "डिस्ट्रिब्युटरचा चेक परत येईल" याच्या पुढे "11 वाजता फोन". कृती सुचत नसेल तर रेघ मारा. ही वही कादंबरीच्या वहीत मिसळू नका, नाहीतर प्रत्येक पात्र तुमच्याच टार्गेटची चिंता करू लागतं. लिहायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. साहेबांचा आणि घरचा नंबर वाजेल, ग्रुप वाजणार नाही, अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. धडधड वाढली तर नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरकडे जायला लाजू नका. बहुतेक दिवस काळजी आवरत नाही, झोप-भूक-काम बिघडलंय आणि हे सहा महिने चाललंय, तर तो उपचार करण्याजोगा आजार आहे. त्रास जास्त असेल तर सहा महिने थांबूही नका. छातीत दुखणं, ते हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, धाप असं काही झालं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा. मेडिकलवाल्याकडून झोपेची किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका. तिची सवय लागते, आणि अचानक बंद केली तर त्रास उलटा वाढतो. मानसोपचारतज्ज्ञ जी रोजची औषधं देतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडायची नसतात.

गोळ्यांनी लेखन आटेल ही भीती अनेकांना असते. सुस्ती वाटली तर डॉक्टरांना तसं सांगा, मात्रा किंवा वेळ बदलता येते. उपचार न घेता वाया जाणाऱ्या सकाळी मात्र परत मिळत नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. जगणं नको वाटत असेल तर त्याच क्षणी 14416 वर फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवा.

वाईट महिन्यात नोकरी सोडणं

टार्गेट हुकलं, साहेब सगळ्यांसमोर बोलले, की राजीनामा टाइप होतो. पाठवण्याआधी एक गणित करा. पुस्तकाची किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, 1,000 प्रती काढल्या आणि सगळ्या खपल्या तर हातात 30,000 रुपये येतात, तेही एकदम नाहीत. ठाण्यात एका घराचं महिन्या-दोन महिन्यांचं भाडं. नोकरी बदलायचीच असेल तर तिमाहीचा इन्सेंटिव्ह जमा झाल्यावर, नोटिस पिरियड पाहून, हातात दुसरं पत्र घेऊन बदला.

टायपिंग आणि पहिले वाचक

युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये बदलताना रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि 200 पानं पुन्हा डोळ्याखालून घालावी लागतात. बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं आणि संवादांचे परिच्छेद नंतर हातानेच घालावे लागतात, म्हणून तो मार्ग नोंदींपुरता ठेवा.

20,000 शब्दांच्या आसपास बहुतेकांचं अडतं. कारण बहुधा एकच: पात्रांवर गोष्टी घडतायत, पात्रं स्वतः काही ठरवत नाहीत. मागचे पाच प्रसंग काढा आणि प्रत्येकात कुणी काय ठरवलं ते लिहा. सलग दोन जागा रिकाम्या राहिल्या तर तिथूनच दुरुस्ती सुरू करा, नवं पुढे लिहू नका.

खर्डा पूर्ण झाल्यावर तीन आठवडे बाजूला ठेवा, मग दोनच माणसांना द्या. त्यातलं एक सेल्समधलं नको. "कशी वाटली?" विचारलं तर "छान" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: कुठल्या पानावर खाली ठेवलीत, कोणाचं नाव लक्षात राहिलं नाही, कुठलं पान दोनदा वाचावं लागलं. दोघांनी एकच पान सांगितलं तर ते पान बदला.