पाकात मुरवलेली फळं : साली, अननस आणि टुटीफ्रुटी घरच्या घरी

नाताळचा केक करायचा म्हटलं की दुकानातून रंगीत टुटीफ्रुटी आणि लाल चेरीची पाकिटं येतात. ही टुटीफ्रुटी म्हणजे बहुतेकदा कच्ची पपई, आणि बेकरीतली स्वस्त ‘चेरी’ म्हणजे पुष्कळदा बी काढून लाल रंगात आणि पाकात मुरवलेलं करवंद. यात फसवणूक काही नाही, दोन्ही फळं या कामाला उत्तम आहेत. फक्त पाकिटातल्या तुकड्यांना साखर आणि रंग यांपलीकडे चव उरलेली नसते. घरी केलेल्या संत्र्याच्या सालीला संत्र्याचा वास येतो आणि अननसाच्या फोडीत अननसाची आंबटगोड चव राहते. साहित्य साधं आहे: फळ, साखर, पाणी, लिंबू. खरी गरज आहे ती दिवसांची. नाताळला फळं हवी असतील तर अननस डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पाकात पडायला हवा.

साखर हळूहळू का चढवायची

फळाच्या पेशींत पाणी असतं, बाहेर पाक असतो. साखर आत शिरायला वेळ लागतो, पाणी मात्र चटकन बाहेर येतं. पहिल्याच दिवशी फोडी दाट पाकात टाकल्या तर साखर आत पोचायच्या आधीच पाणी निघून जातं. मग फोड आक्रसते, तिच्यावर सुरकुत्या पडतात आणि ती चामड्यासारखी चिवट होते. म्हणून सुरुवात पातळ पाकाने करायची आणि रोज थोडी साखर वाढवत न्यायची. पाकात साधारण ३५ ते ४० टक्के साखर असताना सुरुवात होते आणि शेवट ७० ते ७५ टक्क्यांवर होतो. इतक्या साखरेत बुरशीला किंवा यीस्टला वापरता येईल असं पाणीच फारसं उरत नाही, म्हणून फळ टिकतं.

लहान किंवा पातळ तुकड्यांना ही सगळी शिस्त लागत नाही. सालीच्या पट्ट्या आणि टुटीफ्रुटीचे बारीक चौकोनी तुकडे एका दिवसात पाक पितात. अननसाची चकती, कोहळ्याची मोठी फोड किंवा अख्खा आवळा यांना मात्र घाई चालत नाही.

दुसरी गोष्ट याहून जास्त वेळा चुकते. फळ पाकात मऊ होत नाही. साखर लागली की ते घट्टच होत जातं. जे काही मऊ करायचं ते साध्या पाण्यात, साखरेच्या आधी. टूथपिक सहज आरपार गेली पाहिजे, पण तुकडा फुटता कामा नये. इथे पाच मिनिटं वाचवली तर पुढे दहा दिवस पाकात ठेवूनही फोड दाताखाली कडकच लागते.

साली

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार साधारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतो, त्यामुळे साली नेमक्या वेळेला मिळतात. संत्र्याची साल पातळ आणि तेलाने भरलेली असते, म्हणून वास भरपूर. मोसंब्याची साल जाड असते, वास कमी, पण पट्ट्या मांसल होतात. पपनस आणि महाळुंग मिळाले तर सोडू नका. त्यांच्या जाड पांढऱ्या भागाइतका पाक दुसरी कुठलीच साल पीत नाही.

सालीच्या आतला पांढरा भाग खरवडून काढण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. कडूपणा पाणी बदलून उकळल्यावर जातो, आणि पाक धरून ठेवतो तो हाच पांढरा भाग. तो काढला की उरते नुसती पातळ, कडक पापडी. संत्र्याच्या सालीवरच्या सुट्या शिरा तेवढ्या ओढून टाका.

फळं सोलण्याआधी कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवा, चकचकीत आयात संत्र्यांवर मेणाचा थर असतो. साल ६ ते ८ मिलिमीटर रुंद पट्ट्यांत कापा. संत्र्याची साल दोनदा, प्रत्येक वेळी नवीन पाण्यात ५ मिनिटं उकळा. मोसंब्याची तीनदा, दर खेपेला १० मिनिटं. पपनसाची साल आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा (१ लिटरला १ मोठा चमचा मीठ), मग चारदा उकळा आणि दर वेळी हलक्या हाताने पिळा. शेवटच्या उकळीनंतर एक पट्टी चावून पाहा. थोडा कडवटपणा राहायलाच हवा, नाहीतर नुसती गोड चिकटी होते. पण जीभ आखडत असेल तर आणखी एक पाणी.

२५० ग्रॅम उकळलेल्या सालीला ३०० ग्रॅम साखर आणि २५० मिलिलिटर पाणी घ्या. साखर पूर्ण विरघळल्यावर १ छोटा चमचा लिंबाचा रस घाला, साली सोडा आणि अगदी मंद आचेवर झाकण न ठेवता ४५ ते ६० मिनिटं शिजवा. पाकाला कडेला बारीक बुडबुडे येत राहावेत, खळखळ उकळी नको. डावाने ढवळू नका, पातेलं धरून हलवा. पांढरा भाग काचेसारखा पारदर्शक झाला आणि पाक एकतारी झाला (थंड केलेला थेंब दोन बोटांत ओढल्यावर एक तार आली) की गॅस बंद. रात्रभर साली पाकातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पाक कोमट करून त्या जाळीवर निथळत ठेवा.

केकवर मांडायला संत्र्याच्या अख्ख्या गोल चकत्या हव्या असतील तर नागपुरी संत्रं टाळा. सैल साल गरापासून सुटून येते. घट्ट सालीचं मोसंबं किंवा आयात संत्रं घ्या, ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा, बिया काढा. १० मिनिटं पाण्यात उकळून घ्या. मग पसरट पातेल्यात एकावर एक न रचता, ५०० ग्रॅम साखर आणि ५०० मिलिलिटर पाण्याच्या पाकात तासभर मंद आचेवर ठेवा. मधे एकदाच उलटा, तेही चपट्या उलथन्याने.

अननस, दिवसागणिक

पिवळा पण टणक अननस घ्या. फार पिकलेला अननस पाकात विरघळतो. डोळे नीट काढा, मधला दांडा कापा, १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. ५०० ग्रॅम चकत्या बुडतील इतक्या पाण्यात १० ते १२ मिनिटं उकळा. हे पाणी ओतून टाकू नका, फळाचा वास त्यातच उतरलेला असतो.

पहिल्या दिवशी या पाण्यातलं ५०० मिलिलिटर मोजून घ्या, त्यात ३०० ग्रॅम साखर विरघळवा, एक उकळी आणा आणि गरम पाक फोडींवर ओता. फोडी वर तरंगतात, म्हणून वर एक बशी दाबून ठेवा. हवेला उघडी पडलेली फोड आधी काळवंडते आणि बुरशीही तिथूनच धरते.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी फोडी काढायच्या, पाकात १०० ग्रॅम साखर घालायची, उकळायचा आणि परत फोडींवर ओतायचा. चौथ्या दिवशीच्या १०० ग्रॅम साखरेऐवजी तेवढंच लिक्विड ग्लुकोज घातलं तर पुढे खडे धरत नाहीत. पाचव्या दिवशी १५० ग्रॅम साखर घाला आणि या वेळी फोडीही पाकात ३-४ मिनिटं शिजवा. मग दोन दिवस हात लावू नका. सातव्या दिवशी पुन्हा १५० ग्रॅम साखर, आणि फोडींसकट पाक १०६ अंश सेल्सिअसपर्यंत न्या. थर्मामीटर नसेल तर थेंब थंड करून अंगठा आणि तर्जनीत ओढा, न तुटणारी एक तार आली पाहिजे. आता तीन ते चार दिवस मुरू द्या. बाराव्या दिवसाच्या आसपास फोड उजेडात धरली तर मधासारखी आरपार दिसते. मध्यभागी पांढरट ढग दिसत असेल तर साखर अजून आत पोचलेली नाही, आणखी दोन दिवस द्या.

पातेलं स्टीलचंच. आंबट फळ आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, चव धातूसारखी होते. आणि पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो व त्वचेला चिकटून राहतो, म्हणून ओतताना लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

टुटीफ्रुटी

पपई बाहेरून हिरवीगार आणि आतून पूर्ण पांढरी हवी. आत केशरी झाक आली असेल तर तुकड्यांचा लगदा होतो. सोलताना हाताला तेल लावा, चिकाने खाज सुटते. ६ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करा. कलिंगडाच्या सालीतला पांढरट भागही अगदी असाच वापरता येतो.

कडा शाबूत राहाव्यात म्हणून चुन्याची निवळी. खायचा चुना १ छोटा चमचा, पाणी १ लिटर. ढवळून किमान अर्धा तास स्थिर ठेवा आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी घ्या. ५०० ग्रॅम तुकडे त्यात दोन तास भिजवा. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनशी बांधलं जातं, त्यामुळे तुकडा शिजूनही विरघळत नाही. कोहळ्याच्या पेठ्याचं तंत्र हेच, फक्त तिथे फोडी मोठ्या असल्याने आधी काट्याने टोचून घेतात. भिजवल्यावर तुकडे चार-पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर चुन्याची चव मागे राहते.

तुकडे साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा. मग ५०० ग्रॅम साखर आणि ३५० मिलिलिटर पाण्याच्या पाकात, १ छोटा चमचा लिंबाचा रस घालून, १५ ते २० मिनिटं एकतारीपर्यंत शिजवा. पाकासकट तीन वाट्यांत वाटा. एका वाटीत बिटाचा रस, दुसरीत चिमूटभर हळद, तिसरी तशीच ठेवा. बिटाचा रंग उष्णतेने तपकिरी होतो, म्हणून तो पाक कोमट झाल्यावरच घाला. दुकानासारखा भडक लाल रंग बिटाने येत नाही, गडद गुलाबी येतो, आणि केकच्या कापात तो छान दिसतो. एक दिवस मुरवून निथळा.

वाळवणं

सगळं नीट करून इथे माती होते. निथळलेले तुकडे जाळीवर सुटे मांडा, खाली ताट. विदर्भ-मराठवाड्यात डिसेंबरच्या कोरड्या हवेत पंख्याखाली एक दिवस पुरतो. मुंबई, वसई, कोकण, गोवा इथे दोन दिवसांनीही बोटाला चिकटतं. तिथे ओव्हन ६० अंशांवर ठेवून, दार किंचित उघडं ठेवून दोन-तीन तास द्या. त्याहून जास्त उष्णतेवर वरचा थर कडक होतो आणि आतला ओलावा आतच अडकतो.

बोट लावल्यावर चिकट लागेल पण ओलं होणार नाही, ही साखरेत घोळवायची वेळ. साखर दाणेदार घ्या. पिठीसाखर ओल धरून दुसऱ्या दिवशी पेस्टसारखी होते. तुकडे फार कोरडे झाले असतील तर दोन सेकंद वाफेवर धरा. चॉकलेटमध्ये अर्धी बुडवायची पट्टी मात्र पूर्ण कोरडी हवी, पाण्याच्या एका थेंबाने वितळलेलं चॉकलेट गोळा होतं. केकमध्ये घालायची फळं साखरेत घोळवूच नका. त्यांवर मैदा भुरभुरवा, म्हणजे ती तळाशी बसणार नाहीत.

बिघडलं तर

पाकात खडे धरले तर त्यात साखर जास्त झाली आहे किंवा आंबट आणि ग्लुकोज कमी पडलं आहे. २०-२२ अंशांना पाण्यात ६७ टक्क्यांच्या आसपासच साखर विरघळून राहू शकते, त्यावरची खड्यांच्या रूपात बाहेर पडते. लिंबाच्या आम्लाने उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि खडे धरणं थांबतं. अशा वेळी पाव वाटी पाणी आणि दोन चमचे लिक्विड ग्लुकोज घालून पाक पुन्हा पूर्ण विरघळवा आणि कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने उतरवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाकावर बुडबुडे दिसले आणि वास आंबूस आला तर तो आंबायला लागला आहे. त्या दिवशीची उकळी चुकली की बहुधा असं होतं. सुरुवात असेल तर पाक लगेच उकळा आणि पुढच्या दिवसाची साखर आजच घाला. फेस आणि दारूसारखा वास असेल, किंवा केसाळ बुरशी दिसली, तर सगळं टाका.

फोडी आक्रसल्या असतील तर पाक थोडा पातळ करून, त्यात एक उकळी देऊन, पुन्हा पहिल्या दिवसापासून चढवता येतं. बऱ्याच फोडी सुधारतात, सगळ्या नाही. केळं, पिकलेला आंबा, स्ट्रॉबेरी यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा जॅम होतो, आणि जॅम करायचा तर तो थेट करावा.

घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवलेली फळं थंड जागी तीन महिने राहतात. दमट गावात बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

उरलेला पाक गाळून बाटलीत भरा. अननसाचा पाक सरबताला आणि केकवर लावायला चालतो, सालींचा पाक काळ्या चहात सुरेख लागतो. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतो. पुढच्या घाण्याला तो एकदाच वापरा, दुसऱ्या वेळेपर्यंत रंग गडद झालेला असतो. सालींचा पाक मात्र दुसऱ्या फळाला वापरू नका, त्यातला कडवटपणा अननसात उतरतो.