होस्टिंग बंद केलं, तरी पैसे कापले जातायत? या चुका टाळा

वेबसाइट काढून टाकली, सीपॅनलमधल्या (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरच्या) फाइल पुसल्या, डोमेन म्हणजे साइटचं नाव दुसरीकडे नेलं. तरीही दोन महिन्यांनी बँक खात्यातून वर्षभराच्या होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे गेलेच. क्लासची, दुकानाची किंवा मंगल कार्यालयाची साइट चालवणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. कंपनीच्या बिलिंगला तुमच्या फाइलशी काही देणंघेणं नसतं. पॅकेज चालू दिसतंय तोवर इनव्हॉइस, म्हणजे बिल, निघतच राहतं.

म्हणून रद्द करायचं ते बिलिंगच्या पानावरूनच. तिथे बहुधा दोन पर्याय असतात: लगेच, किंवा चालू मुदत संपल्यावर. 'लगेच' निवडलंत तर डेटाबेससकट सगळं त्याच दिवशी जाऊ शकतं, तेव्हा बॅकअप आधी उतरवून घ्या. आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. नूतनीकरणाचं इनव्हॉइस अनेक ठिकाणी पंधरवडाभर आधीच तयार होतं, काही कंपन्या तर पैसेही मुदतीआधीच घेतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र ईमेलची. होस्टिंगच्या खात्यावर नोंदवलेला पत्ता बऱ्याचदा त्याच डोमेनचा असतो. होस्टिंग गेलं की तो मेलबॉक्सही जातो, आणि पुढची इनव्हॉइस, 'रद्द करण्यासाठी या लिंकवर क्लिक करा' असा मेल, सगळं हवेत विरतं. काही कंपन्या त्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय विनंती धरतच नाहीत. रद्द करण्याआधी खात्यावर जीमेलसारखा वेगळा पत्ता टाका. साइट एखाद्या डेव्हलपरने करून दिली असेल तर खातं कोणाच्या नावावर आहे तेही बघा. बऱ्याचदा लॉगिन त्याच्याकडे आणि कार्ड तुमचं, अशी स्थिती असते.

होस्टिंग रद्द झालं म्हणजे डोमेन, एसएसएल (साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र), बॅकअप ही सगळी रद्द झाली असं नाही. प्रत्येकाचं ऑटो-रिन्यूअल वेगळं असतं, एकेक बघून बंद करावं लागतं.

रद्द झाल्याचा मेल हातात आला की मग मँडेटकडे, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीकडे, वळा. भारतीय कार्डावरून दर मुदतीला आपोआप पैसे घ्यायचे असतील तर बँकेने किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे आणि मँडेट कधीही मागे घेता आलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो एसएमएस नजरेतून सुटला की पैसे गेलेच. त्या एसएमएसमध्ये नाव कधी होस्टिंगच्या ब्रँडऐवजी मूळ कंपनीचं असतं, म्हणून रक्कमही ताडून पाहा. यूपीआय ऑटोपे असेल तर मँडेट ॲपमधूनच रद्द होतं.

उलट, सेवा रद्द न करता नुसतं मँडेट काढणं किंवा कार्ड ब्लॉक करणं हाही उपाय नव्हे. इनव्हॉइस थकीत राहतं, खातं गोठतं, आणि त्यात डोमेन असेल तर तेही अडकू शकतं.

एवढं करूनही पैसे कापले गेलेच, तर आधी कंपनीला लेखी कळवा: विनंतीची तारीख, तिकीट नंबर आणि रद्द झाल्याच्या मेलचा स्क्रीनशॉट जोडून. पैसे परत मिळाले नाहीत तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवा, पण हवं असलेलं डोमेन त्याआधी दुसरीकडे हलवा. हरकत येताच पूर्ण खातं बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची दिशाभूल ठरतं, याचा उल्लेख तक्रारीत जरूर करा. मँडेट मागे घेऊनही पैसे कापले गेले असतील तर जाब बँकेला विचारायचा. तिने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.