डेटाफ्लो पाइपलाइनमध्ये नोंदी कमी भरल्यास शोध कसा घ्यावा

स्रोताकडून निघालेल्या आणि अंतिम तक्त्यात पोहोचलेल्या नोंदींचा मेळ बसत नाही, पण लॉगमध्ये एकही त्रुटी दिसत नाही, अशी वेळ प्रवाही डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकावर येते. अशा वेळी कोड उघडून बदल करायला लागण्याचा मोह आवरावा. नोंद नेमकी कोणत्या टप्प्यापर्यंत होती हे आधी ठरवावे. पाइपलाइन म्हणजे डेटा टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी कामांची साखळी. पुढील विवेचन अपाची बीम या प्रोग्रॅमिंग चौकटीत लिहिलेल्या, पब-सब या गूगलच्या संदेशवहन सेवेतून वाचणाऱ्या आणि गूगल क्लाउड डेटाफ्लो या सेवेवर चालून बिगक्वेरी या गूगलच्या डेटा-कोठारात लिहिणाऱ्या पाइपलाइनला धरून केले आहे.

सर्वप्रथम नोंदी खरोखर हरवल्या आहेत का, याची खात्री करावी. बिगक्वेरीतील तक्त्याचे दैनिक विभाजन यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार होते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या 5 तास 30 मिनिटे पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडील मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या तारखेच्या विभाजनात जातात. रोजच्या आकड्यात पहाटेचा भाग सातत्याने कमी दिसत असेल, तर पाइपलाइनला हात लावण्याआधी क्वेरी तपासावी.

खात्री झाल्यावर हरवलेल्या एका नोंदीचा ओळख क्रमांक घ्यावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर तो लॉगमध्ये शोधावा. सोबत वाचन, पार्सिंग (मजकुरातून घटक वेगळे काढणे), गटबांधणी आणि लेखन या टप्प्यांवर बीमचे काउंटर, म्हणजे नोंदी मोजणारे मोजक, बसवावेत. काम पुन्हा केले गेल्यास प्रवाही पाइपलाइनमधील काउंटर जास्त आकडा दाखवू शकतात, म्हणून त्यांच्याकडे हिशेबाची वही म्हणून न पाहता गळती कोणत्या दोन टप्प्यांमध्ये आहे याचा निर्देश म्हणून पाहावे.

वाचनाच्या टप्प्यावरच आकडा कमी असेल, तर सबस्क्रिप्शन (पब-सबमधून संदेश मिळवण्याची नोंदणी) तपासावे. एकाच सबस्क्रिप्शनवर दोन पाइपलाइन वाचत असतील, तर संदेश त्यांच्यात वाटले जातात आणि दोघींनाही अपुरा डेटा मिळतो. चाचणीसाठी सुरू केलेली आणि बंद करायची राहून गेलेली पाइपलाइन हे याचे नेहमीचे कारण असते. सबस्क्रिप्शन तयार होण्यापूर्वी प्रकाशित झालेले संदेश तिच्यात आपोआप येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. संदेशाची ओळख म्हणून एखादा गुणधर्म दिला असेल, तर त्याचे मूल्य प्रत्येक संदेशागणिक वेगळे आहे ना, हे पाहावे. तेथे चुकून उपकरणाचा क्रमांक दिला गेला, तर 10 मिनिटांच्या आत आलेले त्याच उपकरणाचे वेगवेगळे संदेश पुनरावृत्ती समजून गाळले जातात. पब-सबऐवजी काफ्का या संदेशप्रणालीतून वाचणाऱ्यांनी दोन सेटिंग्ज पाहाव्यात: साठवलेला ऑफसेट (कुठपर्यंत वाचले याची खूण) नसल्यास ग्राहक, म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम, मूळ सेटिंगनुसार नव्या संदेशांपासूनच वाचू लागतो, आणि संदेश टिकवून ठेवण्याची मूळ मुदत 168 तास असते.

आकडा गटबांधणीच्या टप्प्यावर घसरत असेल, तर उशिरा आलेल्या नोंदींचा संशय घ्यावा, आणि येथे घाई अजिबात करू नये, कारण ही गळती बिघाडामुळे होत नसून प्रणालीच्या नियमानुसार होते. घटना घडली ती वेळ आणि ती पाइपलाइनमध्ये आली ती वेळ वेगळी असते. कोणत्या घटनावेळेपर्यंतचा डेटा आला असावा, याचा प्रणालीने बांधलेला अंदाज म्हणजे वॉटरमार्क. विंडो म्हणजे ज्यातील नोंदी एकत्र मोजल्या जातात तो घटनावेळेचा कालखंड. वॉटरमार्क विंडोचा शेवट आणि त्यापुढे दिलेली उशिराची मुभा ओलांडून गेला, की त्या विंडोची नंतर आलेली नोंद टाकून दिली जाते. बीममध्ये ही मुभा मुळात शून्य असते, आणि फ्लिंक या दुसऱ्या प्रवाही प्रणालीतही. समजा, बसगाड्यांवरील जीपीएस उपकरणे घाटात नेटवर्क नसताना नोंदी साठवतात आणि खाली उतरल्यावर एकदम पाठवतात. मुभा शून्य ठेवली, तर नेमका घाटातील प्रवास अहवालातून पुसला जाऊ शकतो. ही शंका पडताळण्यासाठी ‘ड्रॉप्ड ड्यू टू लेटनेस’ हा काउंटर पाहावा. फ्लिंकमध्ये गाळलेल्या उशिरा नोंदींचे स्वतंत्र मोजमाप मिळते, शिवाय त्या बाजूच्या प्रवाहात वळवून तपासताही येतात.

मुभा वाढवण्यापूर्वी मात्र घटनावेळ कोठे नेमली आहे, ते पाहावे. वाचन करताना वेळेचा गुणधर्म सांगितलाच नाही आणि पुढच्या टप्प्यात संदेशाच्या मजकुरातून वेळ काढून नोंदीला चिकटवली, तर वॉटरमार्क प्रकाशनाच्या वेळेनुसार पुढे सरकत राहतो आणि मागची वेळ मिळालेल्या नोंदी उशिराच्या ठरतात. वाचनाच्या टप्प्यावरच वेळेचा गुणधर्म देणे हा यावरचा योग्य उपाय आहे. त्यानंतरही नोंदी गळत असतील, तर उपकरणांचा प्रत्यक्ष उशीर मोजून त्या प्रमाणात मुभा द्यावी. ती जितकी मोठी, तितका काळ विंडोची स्थिती साठवून ठेवावी लागते.

एकाच विंडोचे निकाल ट्रिगरमुळे (निकाल कधी बाहेर काढायचा हे ठरवणाऱ्या नियमामुळे) अनेकदा बाहेर पडत असतील, तर संचयाची पद्धतही तपासावी. आधीचा निकाल सोडून देणाऱ्या पद्धतीत प्रत्येक वेळी फक्त नवी भर बाहेर येते. लिहिणारा टप्पा तीच ओळ नव्या आकड्याने बदलत असेल, तर शेवटची किरकोळ भरच तक्त्यात उरते. अशा ठिकाणी एकतर संचयी पद्धत निवडावी किंवा भर घालणारे लेखन करावे.

रूपांतराच्या कोडमध्ये अपवाद (कोड चालताना उद्भवणारी त्रुटी) पकडून गप्प बसणारा भाग आहे का, हे शोधणे सोपे आहे. न पकडलेल्या अपवादामुळे प्रवाही पाइपलाइन तेच काम पुन्हा पुन्हा करत राहते आणि अडकलेली दिसते. म्हणजे पाइपलाइन सुरळीत चालू असून नोंदी कमी असतील, तर असा पकडून गिळलेला अपवाद हेही एक संभाव्य कारण असते. पकडलेली प्रत्येक सदोष नोंद मूळ मजकूर आणि कारणासह वेगळ्या तक्त्यात लिहावी. बिगक्वेरीत लिहिताना स्कीमाशी, म्हणजे तक्त्याच्या ठरलेल्या रचनेशी, न जुळल्यामुळे नाकारलेल्या ओळी, पुन्हा प्रयत्न करण्याच्या धोरणानुसार, स्वतंत्र प्रवाहात परत येतात. तो प्रवाह कोठेही जोडला नसेल, तर त्या कायमच्या जातात.

पाइपलाइन नुकतीच बदलली असेल, तर ती कशी थांबवली याची चौकशी करावी. रद्द केल्यास, पब-सबला पोच दिलेला पण विंडोत अडकून असलेला डेटा जातो. ड्रेन केल्यास, म्हणजे नवे वाचन थांबवून हातातील काम पूर्ण होऊ दिल्यास, तो डेटा बाहेर पडतो, परंतु उघड्या विंडो अर्धवट स्थितीत बंद होतात आणि त्याच विंडोचा उरलेला भाग नवी पाइपलाइन वेगळा निकाल म्हणून देते.

कारण दूर केल्यावर गेलेला डेटा परत आणण्यासाठी सबस्क्रिप्शन मागच्या वेळेवर नेता येते; मात्र पोच दिलेले संदेश राखून ठेवण्याची सोय आधीपासून चालू असावी लागते. ती नसल्यास कच्च्या संदेशांच्या साठ्यावरून बॅच पाइपलाइन (साठवलेला डेटा एकगठ्ठा हाताळणारी) चालवावी. दोन्ही बाबतींत निकाल थेट मूळ तक्त्यात न ओतता तात्पुरत्या तक्त्यात घ्यावेत, ओळख क्रमांकावरून मूळ तक्त्यात विलीन करावेत आणि त्या कालखंडाची स्रोताकडील मोजणी पुन्हा ताडून पाहावी.